तुमची पंगत आणि माझी माय

बाबाजी,

तुमच्यावर पुस्तक निघणार आहे. मागच्या रविवारी समितीचे दोन जण सौंसरला माझ्या क्वार्टरवर आले होते. मी सरकारी दवाखान्यात नर्स आहे, दोन वर्षांत रिटायर होईन, एवढं त्यांना माहीत होतं. बाकी माझ्याबद्दल फारसं काही ठाऊक नव्हतं, दोघंही तुमच्यानंतरचे. चहा घेतला, पिशवीतून टाइप केलेले कागद काढले आणि म्हणाले, "सिस्टर, बाबाजींची पूर्ण जीवनी छापून राहिलो आम्ही. शेवटचे अकरा दिवस तुम्हीच जवळ होत्या. दोन पानं आठवणी लिहून द्या." ते गेल्यावर मी ते कागद वाचले. त्यात तुम्ही पंजाबातून ट्रक घेऊन निघता, नागपूर-बैतूल रस्त्यावर फेऱ्या करता, आणि एक दिवस पांढुर्ण्याला तुम्हाला वैराग्य येतं. गाडी सोडता, हायवेच्या कडेला टिनाच्या शेडमध्ये पाण्याचे माठ मांडता, मग डाळ-रोटी, मग लंगर, मग गुरुद्वारा, मग लांबलांबून येणारी भक्तांची संगत. सगळं खरं आहे. फक्त वैराग्य कशानं आलं ते लिहिलेलं नाही. त्या पुस्तकात वैराग्य म्हणून जे आहे, तो माझा बाप आहे.

मी सहा वर्षांची होते. बाप संत्र्याच्या मंडीत हमाली करायचा, पेट्या ट्रकवर चढवायचा. दुपारी तो भिंतीला पाठ लावून बिडी ओढत होता आणि तुम्ही गाडी मागे घेतलीत. मागे बघायला कोणी उभा नव्हता, तुम्ही आरशात नीट पाहिलं नाही. तो जागेवरच गेला. लोक धावले तेव्हा तुम्ही गाडी तशीच सोडून संत्र्याच्या बगीच्यांतून पळालात. तुम्ही पळालात म्हणून मी तुम्हाला कधी बोल लावला नाही. त्या दिवशी सापडला असतात तर आमच्या वस्तीनं तुम्हाला जिवंत ठेवलं नसतं. पण चौथ्या दिवशी तुम्ही पायी परत आलात, पोलिसांकडे हजर होऊन, जामिनावर सुटून मग आमच्या दारात आलात आणि जोडे काढून अंगणात बसलात. तीस-बत्तीस वर्षांचा दांडगा माणूस, दाढीत धूळ. वस्तीतल्या एकानं तुम्हाला चपलेनं मारलं. दुसऱ्यानं मारलं. तुम्ही हात वर केला नाही. पगडी सुटून शेणाच्या सारवणावर पडली तेव्हा माझी माय घरातून बाहेर आली. मला वाटलं आता तीही मारेल. तिनं पगडी उचलली, झटकली आणि तुमच्यापुढे धरली. "हे घाला अन् जा इथून," ती म्हणाली. "लेकरू पाहून राहिलं."

तुम्ही गेलात, पण लांब गेला नाहीत. कोर्टकचेरी झाली, जी शिक्षा होती ती भोगलीत, आणि बाहेर आल्यावर गावी न जाता गावाबाहेर शेड टाकलीत. पुढच्या वर्षी कापूस वेचणीच्या दिवसांत तुम्ही पुन्हा दारात उभे होतात. तोवर तुम्ही आमची बोली शिकला होतात, तिच्यात हिंदी कालवून बोलायचात. माय वेचणीवरून आली होती, लुगड्याला कापसाचे धागे होते. "भेनजी, रोट्या टाकायला चला," तुम्ही म्हणालात, "माणसं लई येऊन राहिली, माझ्यानं एकट्यानं होत नाही." माय लुगड्यावरचे धागे वेचत राहिली. मग विचारलं, "आम्ही कोण लोक आहो, मालूम आहे ना? बौद्ध आहो. माह्या हातच्या रोट्या खातीन का तुमच्या पंगतीतले?" तुम्ही म्हणालात, "एका पंगतीत बसून खाणं, हाच आमचा धर्म. ज्याला नाही खायचं तो उपाशी जाईल. बस." नवऱ्याला मारणाऱ्याच्या चुलीवर जायचं का, यावर वस्तीत दोन महिने बोलणं झालं. एक दिवस मायनं पदर खोचला आणि माझा हात धरून निघाली.

त्या स्वयंपाकघरात मी तीन वर्षं वाढले. पितळेची मोठी परात, मायच्या दोन्ही हातांना कोपरापर्यंत पीठ, लांबलचक तवा, धूर आणि तुम्ही. तुम्ही वाढायचात. ड्रायव्हर, क्लीनर, मंडीतले हमाल, मागतकरी, बसची वाट चुकलेल्या बाया, सगळे एका पट्टीवर मांडी घालून बसलेले. रोटीला तुमच्यात परशादा म्हणतात, तुम्ही ती दोन्ही हातांत घालताना ओरडायचात, "भेनजीच्या हातचा परशादा, ओंजळ करा." मुद्दाम, मोठ्यानं. माझी माय चुलीजवळून वर बघायची नाही, पण तिचे हात जोरात चालायचे. शाळेतून आले की तुम्ही माझी वही मागायचात, मराठी येत नव्हतं तरी पान पान उलटून बघायचात आणि लाल खूण दिसली की विचारायचात, "हे काय केलं बेटा?" लोक तुम्हाला बाबाजी म्हणायला लागले ते याच दिवसांत. आधी ड्रायव्हर लोक म्हणाले, मग गाव. कोणाच्या घरचं भांडण, कोणाचं दारूचं व्यसन, कोणाचं लेकरू बोलत नाही, सगळं तुमच्यापुढे यायचं. तुम्ही ऐकून घ्यायचात. तुमच्यासारखं ऐकून घेणारा माणूस मी नंतर पाहिला नाही, आणि डॉक्टर तर माझ्या वाट्याला पुष्कळ आले.

मग मोठ्या हॉलचं काम निघालं. संत्र्याच्या बागायतदारांनी मनावर घेतलं, त्यांच्या ट्रॅक्टरनं रेती-गिट्टी यायला लागली, समिती बसली, तिला अध्यक्ष झाला. भिंती अर्ध्या झाल्या तेव्हा मोठी पंगत ठेवली होती. बागायतदारांच्या घरच्या बाया पहिल्यांदा जेवायला आल्या. त्यातल्या एकीनं वाढणाऱ्याला हळूच विचारलं, रोट्या कोणी केल्या. तो मोकळेपणानं म्हणाला, भेनजीनं, आणि चुलीकडे बोट केलं. तिनं माझ्या मायला ओळखलं, तिच्याच शेतात माय वेचणीला जायची. ती काही वाईट बोलली नाही. "आमाले आज उपास आहे," म्हणाली. तिच्या शेजारचीलाही उपास निघाला. सतरा-अठरा बाया एकामागून एक उठल्या, ताटात डाळ तशीच. मी पाणी वाढत होते. अकरा वर्षांची होते, पण उपास एवढ्या जणींना एकदम कसा लागला हे कळण्याइतकी मोठी होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी तुम्ही स्वयंपाकघरात आलात. मागे अध्यक्ष उभा होता, दारातच, जोडे काढायचे नाहीत म्हणून आत न आलेला. माय पीठ मळत होती. तुम्ही म्हणालात, "भेनजी, तुमच्या हाताला त्रास होतो. उद्यापासून तुम्ही भांडी पाहा, नळावर."

माय थांबली. "माह्या हाताले काही झालं नाही."

"भांडी घासणं सगळ्यात मोठी सेवा आहे. सेवेत लहान-मोठं नसतं."

हे खरं होतं, बाबाजी, म्हणूनच मला ते अजून सहन होत नाही. तुम्ही स्वतः भांडी घासायचात, जोडे पुसायचात, मी पाहिलं होतं. दुसऱ्या कुठल्याही दिवशी तुम्ही हे म्हटलं असतंत तर ती हसत उठली असती. तुमच्या धर्मातली खरीखुरी गोष्ट तुम्ही उचललीत आणि माझ्या मायला पिठातून बाहेर काढायला वापरलीत. मायनं परातीतून हात काढले. बोटांना चिकटलेलं पीठ एकेका बोटावरून निपटून परत गोळ्यात लावलं, वाया जाऊ दिलं नाही. मग उठून नळावर गेली. "उद्यापासून कायले," म्हणाली, "आजपासूनच." तुम्ही जमिनीकडे बघत होतात. अध्यक्षानं तुम्हाला हात जोडले.

मला वाटलं आता ती यायची सोडेल. घरी मी भांडलेही. "तिथं कायले जाते तू?" ती म्हणाली, "मी नाही गेली त त्यायले बरं वाटन." आणि ती जात राहिली. सोळा वर्षं. एक दिवस चुकवला नाही. राखेनं आणि सोड्यानं तिच्या हातांना भेगा पडल्या, पावसाळ्यात त्यांतून रक्त यायचं. पण तिनं एक गोष्ट बंद केली. त्या दिवसापासून तुमच्याकडचं अन्न तिनं तोंडात घातलं नाही. घरून फडक्यात ज्वारीची भाकर बांधून आणायची, वर मिरचीचा ठेचा, आणि पंगत बसली की नळाजवळच्या दगडावर बसून खायची. तो दगड तुमच्या बसण्याच्या जागेच्या बरोबर समोर होता. हॉल पूर्ण झाला, संगमरवर लागला, आत शे-दोनशे माणसं एका पंगतीत आहेत, तुम्ही त्यांना सांगून राहिले की इथं कोणी उच्च नाही, कोणी नीच नाही, आणि समोर दाराच्या चौकटीत माझी माय आपली भाकर खाऊन राहिली. लोकांना ते दिसत नव्हतं. दिसत असेल तर बाईची खोड वाटत असेल. तुम्हाला दिसायचं. मी तुमचं तोंड पाहिलं आहे तेव्हा.

एकदा तुम्ही उठून तिच्याजवळ गेलात. मी नववी-दहावीत असेन. तुम्ही खाली, ओल्या फरशीवर तिच्यापुढे बसलात आणि हात पसरलात. "एक तुकडा द्या, भेनजी."

तिनं तुमच्याकडे पाहिलं. चावत राहिली.

"हॉल अर्धा झाला होता," तुम्ही म्हणालात. "ते सगळे निघून गेले असते. मी भ्यालो."

"मले माहीत आहे," माय म्हणाली. मग तिनं शेवटचा तुकडा ठेच्याला पुसून घेतला, खाल्ला, फडकं झटकलं आणि भांड्यांकडे वळली. तुमचा हात तसाच होता. नवरा मारला ते तिनं तुम्हाला माफ केलं होतं, चौथ्याच दिवशी. हे केलं नाही. तेव्हा मला तिचा एवढा अभिमान वाटला की शाळेत जाताना मी रस्ताभर एकटीच हसत गेले.

बारावीनंतर नर्सिंगचा फॉर्म तुम्हीच आणलात. मुलाखतीला छिंदवाड्याला माझ्यासोबत तुम्हीच आलात, मायला भांडी होती. माझ्यासाठी काळे बूट घेतले होते, अर्धा नंबर मोठे, पुढे कापूस कोंबून घातले. बसमध्ये लोक उठून तुम्हाला जागा देत होते, पाया पडत होते. रामाकोना मागे पडल्यावर तुम्ही हळू आवाजात म्हणालात, "बेटा, तुझी माय मला..." मी खिडकीकडे तोंड केलं. मला नोकरी लागली ती तुमच्यामुळे, हे मी कोणाला सांगितलं नाही. विचारलं तर म्हणते, मेरिटमध्ये होते.

माय गेली तेव्हा मी सौंसरला होते, नोकरीला सहा-सात वर्षं झालेली. तिला छातीचा आजार होता, शेवटचा महिना माझ्याजवळच होती. पांढुर्ण्याला नेऊन सगळं केलं. वस्तीतल्या विहारात वंदना झाली, पांढरं कापड घातलं. तुम्ही आलात. तुमच्यामागे समितीच्या चार गाड्या आल्या, रस्त्यावर लांब उभ्या राहिल्या. तुम्ही एकटेच खाली उतरून आलात, तेव्हा तुम्ही पन्नाशी ओलांडली होती, काठी घेतली होती. तिरडीजवळ येऊन मला म्हणालात, "बेटा, मला खांदा देऊ दे." वस्तीतले सगळे तिथं होते. त्यांच्यात तुम्हाला चपलेनं मारणारा होता, तोही आता तुमचा फोटो घरात लावायचा, तो सरकून तुम्हाला जागा करत होता. मी म्हणाले, "नको, बाबाजी. तुमचे लोक पाहून राहिले." तुम्ही मागे झालात. आम्ही तिला घेऊन निघालो तेव्हा तुम्ही उन्हात, काठीवर दोन्ही हात ठेवून उभे होतात. मी एकदाच वळून पाहिलं. ते दुःखानं पाहिलं असं लिहिलं तर खोटं होईल.

त्यानंतर सात वर्षांनी तुम्हाला लकव्याचा अटॅक आला, उजवी बाजू गेली, बोलणं गेलं. समितीचा माणूस मला घ्यायला आला. "त्यांना नागपूरला न्या," मी म्हणाले. तो म्हणाला, "संगत आली आहे चारही बाजूंनी. बाबाजी इथून हलले तर लोक काय म्हणतील?" मी सुट्टी टाकली आणि आले. रोज सकाळी तुम्हाला पुसायचं, पाठ बघायची, पांढरा चोला घालायचा, पगडी बांधायला एक सेवादार यायचा, मग उशांना टेकवून बसवायचं आणि दार उघडायचं. रांग हायवेपर्यंत असायची. मान एका बाजूला कलायची म्हणून त्यांनी मागून एक पट्टा बांधला होता, चोल्याच्या आत, दिसू नये असा. मी तो काढायला लावू शकले असते. मी त्याची गाठ जरा सैल केली, एवढंच केलं.

तिसऱ्या दिवसापासून तुम्ही खाईनासे झालात. दलिया ओठांवरून परत यायचा. आणि तुमचा डावा हात वर उठायला लागला. तळवा पसरायचा, खाली जायचा, थोडा फिरायचा, पुन्हा वर. ओठ हलायचे, "भा... भा..." असं काहीतरी. रांगेतल्या एका बाईनं तो हात वर गेलेला पाहिला आणि पटकन खाली डोकं आणलं. तिच्या डोक्यावर तो पडला. झालं. बाबाजी आशीर्वाद देऊन राहिले, म्हणून बाहेर आवाज गेला, आणि रांग दुप्पट झाली. लोक येतात, हाताखाली डोकं धरतात, रडत बाहेर जातात. समितीच्या माणसानं मला बाजूला घेऊन विचारलं, "सिस्टर, हे काय आहे? काही मागून तर नाही राहिले?" मी म्हणाले, "नाही. नसा आहेत. अशा आजारात होतं असं."

मला पहिल्याच दिवशी कळलं होतं. आमच्या इकडे जन्मलेल्या कोणत्याही पोरीला कळलं असतं. तुम्ही भाकर थापून राहिले होते. परातीत पीठ शिंपडून, एका हातानं, फिरवत. तुम्ही माझ्याकडे बघून थापायचात आणि मग थांबून वाट बघायचात. दुधात कुस्करून चार चमचे देता आले असते, मी नर्स आहे, कसं द्यायचं ते मला येतं. सौंसरहून रोज येत होते, पिठाचा डबा घरात होता. आठ दिवस तुम्ही माझ्याकडे भाकर मागितली आणि आठ दिवस मी तुमचा हात उचलून लोकांच्या डोक्यावर ठेवला. मी स्वतः. लोकांना बरं पडावं म्हणून मनगटाला धरून. अकराव्या दिवशी दुपारी तो हात उठेनासा झाला. संध्याकाळच्या आत तुम्ही गेलात.

समितीला मी दोन पानं देईन. बाबाजी शेवटपर्यंत शुद्धीत होते, शांत होते, हात उचलून सगळ्यांना आशीर्वाद देत होते, असं लिहून ठेवलं आहे. ते छापतील. हे कुठं धाडायचं नाही म्हणून यात एक जास्तीची गोष्ट लिहून ठेवते, जी मी माझ्या नवऱ्यालाही सांगितली नाही. माय जाण्याच्या दोन दिवस आधी, सकाळी, मी तिचे केस विंचरत होते. तिला धाप लागत होती, थांबून थांबून बोलत होती. म्हणाली, "बाबाजीले निरोप देजो. म्हणा, घरी येऊन जा. भाकर खाऊन जा म्हणा माह्या हातची. माह्यानं नाही झालं त तू करून देजो." मी तिच्या वेणीला गाठ मारत होते. तिरडीजवळ तुम्ही माझ्यापुढे उभे होतात तेव्हा हा निरोप माझ्या तोंडात होता. नंतर सात वर्षं होता, आणि ते अकरा दिवसही. तिनं दोनदा विचारलं, सांगशीन ना. मी तिला हो म्हटलं होतं.